आतून कल्हई केलेला बंब

ट्रान्सलेटरसाहेबांनी माझ्याशी कधी घासाघीस केली नाही, ही माझी त्यांच्याबद्दलची पहिली तक्रार. दुसरीही आहे, पण ती शेवटी सांगेन. पहिली नीट कळल्याशिवाय दुसरी कळणार नाही.

मी भांड्यांचा व्यापारी. नाशकात तांब्यापितळेच्या दुकानांची गल्ली आहे, तिच्यात माझं दुकान. ते मला बापाकडून मिळालेलं नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन हरसूलच्या बाजाराला पायी जायचो, तिथून माझी सुरुवात. तिथल्या बायका एका तांब्यासाठी अर्धा दिवस हुज्जत घालायच्या. "लय सांगतो रे भाऊ, तांब्या हाय का देव्हारा?" म्हणून उठून जायच्या आणि बाजारभर हिंडून पुन्हा माझ्यासमोर येऊन बसायच्या. मी चिडायचो, तांब्या पाटीत आपटायचो, त्याही चिडायच्या, आणि दिवस कलला की तांब्या त्यांच्याबरोबर जायचा. माणसं ओळखायला मी तिथे शिकलो. कोण किती ताणतो आणि कुठे सोडतो एवढं पाहिलं की तो माणूस मला कळतो. जो ऐकलेली किंमत मुकाट्याने काढून देतो, त्याचं मला काहीच कळत नाही.

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती मंदीची वर्षं. गिऱ्हाईक दहा भांडी उतरवून घ्यायचं, बोटांनी वाजवायचं, आणि रिकाम्या हातांनी निघून जायचं. अशा दिवसांत हे गृहस्थ यायचे, भाव विचारायचे, पैसे ठेवायचे, भांडं उचलायचे. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात ते बोळाच्या तोंडाशी दिसले की मी पाठ फिरवून उगाच वजनं पुसत बसायचो.

जिल्हा कोर्टात ते भाषांतरकार होते. मराठी जबाबांचं इंग्रजी करायचं, इंग्रजी हुकमांचं मराठी करायचं, हे काम. बारीक अंगाचे, उंच, सगळ्या ऋतूंत एकच काळा कोट. गल्लीत त्यांना सगळे ट्रान्सलेटरसाहेब म्हणत. माझ्या दुकानासमोरच्या बोळात शेवटच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची बायको, दोघंच राहत. मागे फरशीचं छोटं परसू होतं.

"मला मत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दोन दुकानदार भांडले आणि त्यांना पंच केलं, की ते दोघांचंही ऐकायचे, दोघांचंही म्हणणं दोघांपेक्षा चांगल्या शब्दांत मांडून दाखवायचे, आणि म्हणायचे, "मला मत नाही." वहिनी वैतागायच्या. "शेठ, अहो आमटीत मीठ कमी आहे का विचारलं, तर म्हणतात, सोमवारपेक्षा कमी आहे. कमी आहे की नाही ते नाही सांगणार!" ते शेजारीच बसलेले असायचे आणि शांतपणे म्हणायचे, "सोमवारची तक्रार नव्हती. निष्कर्ष ज्याचा त्यानं काढावा."

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्या घरात कुठल्याही शिजत्या भांड्यावर झाकण नसायचं. वरण उघडं, भात उघडा, चहाचं आधणसुद्धा उघडं. झाकण ठेवलेलं दिसलं तर ते लांबूनच, उंबऱ्याबाहेरून, काठीने सरकवायचे. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात बसायचे तर भिंतीला पाठ लावून, स्टोव्हवर नजर ठेवून. एकदा चहावाल्याने, पोऱ्याने नव्हे, चांगल्या जाणत्या माणसाने, स्टोव्हला जरा जास्त पंप मारला आणि जाळ भुस्सकन वर आला. आम्ही हसलो. हे गृहस्थ मात्र बाक उलथवून रस्त्यात जाऊन उभे होते. कपबशी हातात तशीच, चहा सगळा कोटावर. चहावाला म्हणाला, "काय साहेब, एवढ्यानं? बायकासुद्धा नाही घाबरत." त्यावर ते म्हणाले, "बायकांनी ते कागद वाचलेले नाहीत."

ते कागद कुठले, हे गल्लीला पाठ झालं होतं. मालेगावच्या पलीकडे कापसाच्या एका जिनिंगच्या कारखान्यात बॉयलर फुटला होता. तीन माणसं गेली. खटला नाशकाला चालला आणि सगळे जबाब यांच्या टेबलावर भाषांतराला आले. आगवाल्याला, म्हणजे बॉयलरवर कोळसा मारणाऱ्या माणसाला, शिक्षा झाली. वाफ फार चढली की बॉयलरची झडप आपोआप उघडते आणि जादा वाफ निघून जाते. तरी बॉयलर फुटला, त्या अर्थी झडप आगवाल्यानेच तारेने बांधून टाकली असणार, असं ठरलं. आगवाला म्हणत होता, मी झडपेला हात लावला नाही, आतला सांधा आधीपासून जोडलेला होता, तोच सुटला. आणि कारखान्याच्या मिस्त्रीने शपथेवर सांगितलं होतं की सांधा अखंड होता.

हे सगळं ट्रान्सलेटरसाहेब मधूनच, काही कारण नसताना, कोर्टाच्या भाषेत म्हणायला लागायचे. चालता चालता थांबून, "विचारल्यावरून सांगतो की, मी त्या वेळी पाणी प्यायला गेलो होतो. परत आलो तेव्हा छप्पर नव्हतं." ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. कोणी विचारलं, "मग साहेब, खरं कोण बोलत होतं?" तर उत्तर ठरलेलं. मत नाही.

आता बंबाचं सांगतो.

माझ्याकडे नमुन्याचा एक बंब होता. न्हाणीत पाणी तापवायचा असतो तसाच, पण हातभर उंचीचा. मधून नळा, नळ्यात निखारे, भोवती पाणी, खाली तोटी. गावोगाव फिरताना मोठा बंब कोण वाहून नेणार, म्हणून हा करून घेतला होता. एकदा तो छकड्यातून पडला आणि आतला नळा चिरला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक कल्हईवाले चाचा भट्टी लावून बसत. त्यांनी चिरेवर तांब्याचा तुकडा ठेवून कथलाचा डाक दिला, म्हणजे कथील वितळवून तो तुकडा चिकटवला. डाक दिसू नये म्हणून मी आतून सगळ्या बंबाला कल्हई करून घेतली. चांदीसारखा चमकायला लागला. कोणाला वाटावं, काय हौशी काम आहे.

ट्रान्सलेटरसाहेब एका सकाळी आले आणि त्यांचं लक्ष नेमकं त्या बंबावर गेलं. तो खाली घेतला. वरच्या तोंडातून आत पाहिलं. खिशातून दाढीचा आरसा काढला, आत धरला, उजेडाकडे वळून पुन्हा पाहिलं.

"आतून पांढरा आहे."

"शोभेचा नमुना आहे साहेब, म्हणून कल्हई केली."

"नळा अखंड आहे?"

"अखंड."

"कुठे जोड, डाक, काही?"

"साहेब, अखंड म्हटलं ना!" माझा आवाज चढला. माल खराब असला की माझा आवाज आपोआप चढतो, हे माझ्या बायकोने मला पुढे पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

"अखंड?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

तेव्हा मी तराजूवर हात ठेवला. आमच्यात त्याच्यापुढे काही नाही. "या तराजूवर हात ठेवून सांगतो, अखंड आहे."

त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग किंमत विचारली. मी रागाच्या भरात भलतीच सांगितली. तेवढे पैसे त्यांनी ठेवले आणि बंब काखेत मारून गेले. फुटका माल चढ्या भावाने गेला, आणि मला वाटलं, शहाणा तो मी आणि येडा तो हा.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. या वेळी पितळी पिचकारी हवी होती. रंगपंचमी तर होऊन गेलेली. मी विचारलं, "आता कोणावर रंग उडवायचा?"

"रंग नाही. हिच्यातला दट्ट्या चांगला घट्ट बसतो का?"

"पाणी काय, वारासुद्धा जायचा नाही."

"वाफ?"

मी हसलो. "वाफेचं कोणाला काम?"

"इंजिन करतोय," ते म्हणाले. "लहानसं. गाडी नाही, उभं. पिचकारीचा दट्ट्या वाफेनं मागेपुढे व्हायचा, त्यानं एक चाक फिरायचं. शिवणाच्या यंत्राचं मोडकं चाक मिळालंय. वाफ तुमच्या बंबाची. वरून तोंड बंद करायचं, झडप बसवायची, की बंबाचा बॉयलर झाला."

माझ्या हातात पिचकारी होती. ती मी खाली ठेवली.

"तुम्ही? साहेब, तुम्ही तर आधणावर झाकण ठेवू देत नाही."

"म्हणूनच. फुटतो कसा, ते मला पाठ आहे. न फुटता चालतो कसा, ते मी एकदाही पाहिलेलं नाही."

त्या दिवशी दुपारी मला जेवण गेलं नाही. मी चाचांच्या भट्टीवर जाऊन बसलो. ते पातेलं फिरवत होते.

"चाचा, तो नमुन्याचा बंब आठवतो? नळ्याला डाक दिला होता तुम्ही."

"याद है ना. का, गळतो?"

"त्याच्यात कोणी वाफ कोंडली तर?"

चाचांनी पातेलं उतरवलं. "शेठ, तुम पानी के वास्ते बोला था. पाण्याला तो दहा वर्षं चालेल. वाफेचं नाव घेतलं होतं का तुम्ही? वाफ कोंडल्यावर कथील काय करणार? मऊ पडणार नि सुटणार. कोण कोंडतोय?"

"कोणी नाही."

"जो कोणी नाही, त्याला जाऊन सांगा," चाचा म्हणाले आणि पातेलं पुन्हा भट्टीवर ठेवलं.

मी सांगायला गेलोच नाही असं नाही. पुढचे सगळे रविवार मी गेलो. पण सांगायचं म्हणजे तराजूवर हात ठेवून खोटं बोललो हे सांगायचं. ते एकदा गल्लीत पसरलं की दुकान बंद करून परत हरसूलची वाट धरायची. म्हणून मी माझ्या पद्धतीने गेलो, सौदा करायला.

पहिल्या रविवारी म्हटलं, "साहेब, त्याहून सुंदर बंब आलाय. बदलून देतो. वर काही घेणार नाही."

ते परसात पाटावर बसून पिचकारीचं तोंड कानशीने घासत होते. "नको. हाच चांगला आहे."

दुसऱ्या रविवारी म्हटलं, "माझ्या मेहुण्याला तोच बंब हवाय. हटून बसलाय. तुम्ही म्हणाल ती किंमत देतो." उभ्या आयुष्यात मी असं वाक्य कोणाशी बोललो नव्हतो.

"मेहुण्यांना दुसरा करून द्या."

"अहो, पण मी तिप्पट द्यायला तयार आहे!"

"तिप्पट?" त्यांनी मान वर केली. "हातभर बंबाला? असं काय आहे त्याच्यात?"

मी कानशीचा खाली पडलेला कीस बोटाने गोळा करायला लागलो. इतकी वर्षं लोकांना ताणायला लावून मी त्यांची मनं वाचली होती. आणि आता मीच ताणत होतो आणि समोरचा वाचत होता. ते मला तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला फक्त वहिनी दिसत होत्या. बंबापासून चार हातांवर बसून त्या तांदूळ निवडत होत्या. बंबाचं तोंड आता बंद झालेलं होतं. वर पितळेची झडप आली होती, तिला आडवा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला लोंबकळत होतं माझ्याच दुकानातून नेलेलं छटाकाचं वजन. वाफ फार झाली की झडप वजनासकट उचलली जाणार.

"शेठ, तुम्ही तरी सांगा यांना," वहिनी म्हणाल्या. "दूध तापायला ठेवलं तरी लांब उभे राहणारा माणूस, आता आगीनगाडीचं पोट मांडून बसलाय. परवा रात्रभर डोळा नाही. मी म्हटलं, एवढी भीती वाटते तर नका करू. तर म्हणतात, भीती वाटते हे खरं, पण ते कारण होत नाही."

"वहिनी, तुम्ही जरा आत बसत जा," मी म्हटलं.

"का हो?"

"ऊन आहे."

परसात ऊन नव्हतं. ट्रान्सलेटरसाहेब कानस थांबवून माझ्याकडे बघत राहिले.

त्या दिवसांत माझी अवस्था काय झाली ते मलाच ठाऊक. दुकानात पातेलं पडलं तरी मी उठून उभा राहायचो. त्यांच्या बोळातून धूर दिसला की पायात चप्पल न घालता कोपऱ्यापर्यंत जायचो आणि कोणीतरी चूल पेटवलेली पाहून परत यायचो. गिऱ्हाइकांवर इतका खेकसायला लागलो की बायको म्हणाली, "दुकान चालवताय की लोकांना हाकलताय?" मला डोळ्यांसमोर सारखं एकच दिसायचं. काळा कोट, तो बंबावर वाकलेला, आणि कोटाच्या वर तोंडच नाही.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी ते दुकानावरून जाताना थांबले. "शेठ, उद्या सकाळी पेटवतोय. तुम्ही एवढे दर रविवारी येता, तर उद्याही या."

सकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी वहिनींना पंचवटीला देवदर्शनाला पाठवलं होतं. परसाच्या टोकाला गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी होती, तिच्यात बंब उभा केला होता. नळ्यात कोळसे भरून तयार. ते स्वतः डोणीपाशी उकिडवे बसले होते, आणि काडेपेटी उघडून आतल्या काड्या मोजत होते.

मी रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो. ती सगळी गेली. मी ओरडलोच. "पेटवू नका! फुटका आहे तो! नळा फुटका आहे!"

ते वळले. काडेपेटी खिशात टाकली. "बसा, शेठ."

"बसा काय बसा! मी सांगतोय काय, तुमच्या डोक्यात शिरतंय का?"

"बसा. सावकाश सांगा. लिहून घेतो."

आणि त्यांनी खरोखर कोटातून कागद काढला. मी पायरीवर बसलो आणि सांगितलं. छकडा, चिरलेला नळा, चाचांचा डाक, आतली कल्हई, तराजू. ते लिहीत गेले. मग वाचून दाखवलं. "विचारल्यावरून सांगतो की, माझा धंदा भांडी विकण्याचा आहे. सदर बंबाचा नळा चिरलेला होता हे मला विकतेवेळी ठाऊक होतं. अखंड आहे असं मी तीन वेळा सांगितलं, ते खोटं सांगितलं. वाचून दाखवलं, बरोबर आहे." मी सही केली. सही करताना माझं दुकान, पाटी, हरसूलचा रस्ता, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

त्यांनी सही निरखली, कागदाचा बोळा केला आणि बंबाखाली कोळशांत सारला.

"अहो! सही केली ना मी!"

"केली. चांगली सही आहे. पण यात मला नवीन काही नाही. बंब घेतला त्याच दिवशी मला माहीत होतं. बंबाला आतून कल्हई कोण करतं, शेठ? त्यात काही शिजवायचं नसतं."

मी कोळशांतल्या त्या बोळ्याकडे पाहिलं. मग असा राग आला की मी उभा राहिलो. "माहीत होतं? मग तीन तीनदा विचारलंत कशाला? शपथ का घेऊ दिलीत मला?"

"मी घेऊ दिली नाही. तुम्ही घेतलीत," ते म्हणाले. "मला फुटका आणि जोडलेलाच हवा होता. फुटका म्हणून विकत मागितला असता तर कोणी दिला नसता. आता या इकडे. भिंतीआड."

सगळं त्यांनी योजून ठेवलेलं होतं. न्हाणीची भिंत परसाच्या मध्यापर्यंत येत होती, तिच्या आड दोन पाट. समोरच्या कुंपणभिंतीवर खिळ्याला तोच दाढीचा आरसा तिरपा टांगलेला. आडोशाला बसून आरशात बंबावरची झडप आणि तिचा दांडा नीट दिसत होता. त्यांनी जाऊन माझ्या जबाबाला काडी लावली आणि धावत, खरोखर धावत, परत आले.

आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसलो. आरशात छटाकाचं वजन लोंबकळत होतं. पहिल्यांदा धूर आला, मग धूर गेला. बंबातून बारीक आवाज यायला लागला, मग तो आवाज बंद झाला, आणि ते जास्त वाईट होतं. ट्रान्सलेटरसाहेबांचे दात वाजत होते. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. मी सोडवून घेतलं नाही.

"झडपेकडे पाहा," ते पुटपुटत होते. "दुसरीकडे पाहू नका. फक्त झडपेकडे. मी ती वेगळी तपासली आहे, मोकळी आहे, अडत नाही. तारेनं बांधलेली नाही. तुम्ही पाहताय ना? बांधलेली नाही."

"नाही बांधलेली."

"वजन हललं?"

"नाही."

"आता?"

"नाही हो."

आणि मग फट् असा आवाज झाला. मोठा नव्हे. ओलं फडकं दगडावर आपटावं एवढाच. पण त्याच क्षणी नळ्याच्या तोंडातून निखारे वाफेसकट वर उडाले, बंब डोणीतून उसळून कुंपणावर आदळला आणि परसाभर काळं, लाल, गरम काहीतरी पडत राहिलं. त्या डोणीवर कोणी वाकलेलं असतं तर त्याचं तोंड राहिलं नसतं. आम्ही दोघंही डोकी गुडघ्यांत घालून बसलो होतो, आणि कोण ओरडत होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

वाफ ओसरल्यावर ते उठले. बंब पायाने उलटा केला. नळ्यावरचा चाचांचा तुकडा सुटून गेला होता आणि तिथे नळा आत दबून फाटला होता. झडप जशीच्या तशी, बंद.

"वजन उचललं गेलं नाही," ते म्हणाले. "तुम्ही पाहिलंत?"

"शेवटपर्यंत पाहिलं. नाही हललं."

"म्हणजे झडप मोकळी असूनही फुटू शकतो. जोड कच्चा असेल तर." ते डोणीच्या काठावर बसले. कोटाच्या बाहीने तोंड पुसलं, काजळी सगळीकडे पसरली. "हातभर बंबावरून कारखाना सिद्ध होत नाही. पण आगवाल्याचं म्हणणं अशक्य नव्हतं. कोर्टाला ते अशक्य वाटलं होतं. मी त्याच्या भावाला लिहिणार आहे, कोणत्या वकिलाकडे जायचं ते."

"म्हणजे तुम्हाला मत आहे," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. "आजपासून."

माझा राग तोवर परत आला होता. मी म्हटलं, "ते राहू द्या. मला तीनदा का विचारलंत ते सांगा. फुटका आहे हे कल्हईवरूनच कळलं होतं ना? मग?"

त्यांनी बाहीवरची काजळी झटकली. "त्या मिस्त्रीला वकिलानं तीनदा विचारलं होतं, सांधा अखंड होता? तिन्ही वेळा तो म्हणाला, अखंड. तिन्ही उत्तरं मी भाषांतर केली. मी कचेरीत बसतो, शेठ, कोर्टात नाही. माझ्यापुढे कागद येतो. जबाबात चेहरा येत नाही. माणूस जोडलेल्या सांध्याला अखंड म्हणतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो, तो मी कधी पाहिला नव्हता."

"मग? पाहिलात?"

"पाहिला," ते म्हणाले. "साधाच होता. मला वाटलं होतं, काहीतरी वेगळं दिसेल."

मी तसाच घरी गेलो. आजवर मला लोक लबाड म्हणाले आहेत, कंजूष म्हणाले आहेत, ते मी परत केलं आहे. हे परत करता आलं नाही.

पुढे सहा-सात महिन्यांत त्यांची बदली झाली. सामान गाडीत चढताना मी पाहिलं, इंजिन अर्धंच झालं होतं. पिचकारी लाकडी बैठकीवर बसली होती, चाक अजून वेगळं होतं. ते चाक कधी फिरलं की नाही, त्या आगवाल्याचं काय झालं, हे मला कळलं नाही. आमच्यात पत्र लिहिण्यासारखं काही नव्हतं.

पण बदलीच्या आधी, त्या रविवारनंतर महिन्याभराने, ते एकदा दुकानात आले होते. काखेत तो फाटका बंब होता. तो त्यांनी माझ्या तराजूत ठेवला. "मोड म्हणून घ्या. आता नवा द्या. इंजिनाचा."

नवा मी करवून ठेवलेला होता. त्यांनी सांगितलं नव्हतं, तरी. चाचांच्या भट्टीपाशी बसून मी तो करवून घेतला होता, नळा एकाच सलग नळीचा, फक्त त्याची टोकं वाफेला न सुटणाऱ्या पितळी झाळीने पक्की बसवलेली; चार दिवस पाणी भरून ठेवला होता, रोज हात फिरवून पाहिला होता. आत कल्हई नव्हती. लाल तांबं उघडं दिसत होतं. मी तो फळीवरून काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी आरसा काढला नाही.

"नळा अखंड आहे?"

"अखंड."

खरं होतं. माझ्या आयुष्यात मी याहून खरं काही विकलं नव्हतं. तरी मी बंबाचं तोंड त्यांच्याकडे वळवलं, आत पाहावं म्हणून.

"कुठे जोड, डाक, काही?"

"नाही."

"अखंड?"

माझा हात तराजूकडे गेला. तराजूत तो फाटका बंब होता. मी हात मागे घेतला आणि नुसतं म्हणालो, "अखंड." माझा आवाज इतका बारीक झाला होता की बाजूचं गिऱ्हाईक वळून पाहायला लागलं. हात मी गल्ल्याआड लपवले. खरं सांगताना माणसाला एवढी भीती वाटते, हे मला माहीत नव्हतं.

ते नव्या बंबाकडे पाहत नव्हते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते, आरशात झडपेकडे पाहिलं होतं तसे, डोळ्याची पापणी न हलवता. मग त्यांनी किंमत विचारली. मी सांगितली. मी मनातून विनवत होतो की आज तरी म्हणा, फार सांगता. म्हणा, थोडं कमी करा. त्यांनी पैसे ठेवले, बंब उचलला आणि बोळात शिरले.

त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं, ते त्यांनी मला सांगितलं नाही. ही माझी दुसरी तक्रार.